नाव न घेता सांगायची मुलं

आमच्या कामातले किस्से साठतात, त्याचं कारण साधं आहे. ते कुणाला सांगता येत नाहीत. मी जळगावला मुलांच्या निरीक्षणगृहात परिविक्षा अधिकारी होते. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की निकाल लागेपर्यंत तो आमच्याकडे असायचा. मी त्याच्या घरी जायचं, शाळेत जायचं, शेजारीपाजारी बोलायचं आणि हे असं का झालं, ते बाल न्याय मंडळाला कळवायचं. या मुलांची नावं बाहेर घ्यायची नाहीत, असा कायदाच आहे. त्यामुळे संध्याकाळी घरी कुणी विचारलं, आज काय झालं ऑफिसात, की मी म्हणायचे, काही नाही. रोज काही नाही, काही नाही करत केवढं साठलं!

आता रिटायर होऊन धुळ्याला राहते. आमचे अधीक्षक नाना अमळनेरला असतात आणि स्वयंपाकाच्या अक्का जळगावातच. लग्नकार्यात तिघं भेटलो की कोपऱ्यात खुर्च्या ओढतो. नावं तिथंही घेत नाही. 'तो गाडीवाला आठवतो का?' एवढं नाना म्हणाले की पुरे, मग पंगती उठल्या तरी आम्ही हलत नाही. खरं सांगते, मला त्या मुलांची फार आठवण येते. आणि त्यांना माझी येऊ नये, असंही वाटतं. बरं चाललेल्या माणसाला आम्ही कशाला आठवू?

*

गाडीवाला अमळनेरचा, नववीतला. मोटरसायकली चोरायचा. पण चोरलेली गाडी त्यानं कधी विकली नाही. प्रत्येक गाडी नरडाण्याला, एमआयडीसीच्या रस्त्याला, नीट स्टँडवर लावलेली सापडायची. किल्लीऐवजी वायरी जोडून आणलेली, एवढंच. पोलिसांना वाटलं, तिकडे टोळी आहे आणि हा पोरगा माल पोचवतो. टोळीतलं कोण कोण, म्हणून त्याला खूप विचारलं. त्यानं एकही नाव सांगितलं नाही.

मी त्याच्या घरी गेले, तेव्हा आईनं सांगितलं की नवरा नरडाण्याच्या कारखान्यात कामाला लागला आणि तिकडेच दुसरं घर केलं. इकडे येणं बंद. मुलासमोर त्याचं नाव काढायचं नाही, अशी तिनं ताकीद दिलेली.

परत आल्यावर मी मुलाला टोळीचं काही विचारलं नाही. नरडाण्याला रेल्वे जाते, एसटी जाते, मग गाडी कशाला, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "शाळा सुटेपर्यंत रेल्वे निघून जाते. आणि एसटी पोचते तोवर पप्पांची शिफ्ट सुटलेली असते."

बोलायचा नाही तो वडिलांशी. गेटसमोरच्या टपरीमागे उभा राहून, ते डबा घेऊन बाहेर पडताना बघायचा आणि रेल्वेनं परत यायचा. नानांनी कारखान्यातून त्या माणसाला बोलावून घेतलं. काय बोलले ते मला सांगितलं नाही, पण पुढच्या रविवारी तो आला. दोघं आवारातल्या निंबाखाली बसले. निघताना वडिलांनी विचारलं, "गाडी चालवायला तुला शिकवलं कुणी?"

पोरगा म्हणाला, "तुम्हीच. टाकीवर बसवून."

त्यानंतर अमळनेरातली एकही गाडी नरडाण्याला गेली नाही.

*

दुसरा एक होता, त्याला आम्ही दगडवाला म्हणतो. चोरीच्या एका लहानशा प्रकरणात आला, थोडे दिवस राहिला, सुटला. पुढच्याच आठवड्यात फाटकाशी उभा. म्हणे, आत घ्या. नानांनी समजावलं, बाबा, तुझ्यावर आता केस नाही, असं कुणालाही आत घेता येत नाही. तो बरं म्हणाला आणि गेला. थेट पोलीस चौकीवर जाऊन खिडकीच्या काचेवर दगड मारला आणि पळाला नाही, तिथंच उभा राहिला. दुपारी पोलिसांच्या गाडीतून उतरला तो हसत.

त्याची आई दाळमिलमध्ये कामाला. सकाळी जाताना खोलीला कुलूप लावून जायची, कारण मागे एकदा घरातली भांडी गेली होती. शाळा सुटल्यापासून ती येईपर्यंत हा रस्त्यावर. रस्त्यावर जे भेटायचे ते काय शिकवायचे, ते सांगायला नको. आमच्याकडे मात्र पाच वाजता क्रिकेट असायचं आणि मग गरम जेवण.

अक्कांनी भाकरी थापता थापता हे सगळं ऐकलं. त्यांनी नानांना एवढंच विचारलं, "गुन्हा न करता जेवायला येता येत नाही का हो कुणाला?"

नाना दोन दिवस अस्वस्थ होते. मग दाळमिलजवळच्या शाळेचं मैदान त्यांनी मागून घेतलं. संध्याकाळी क्रिकेट सुरू झालं, खेळ संपल्यावर खिचडी. खिचडी करायला तिथल्याच बायका पुढे आल्या. दगडवाला तिथं अंपायर झाला. त्याचे निर्णय फार पक्षपाती असायचे, असं ऐकलं.

*

धुळ्याच्या एका शाळेनं नानांना भाषणाला बोलावलं होतं. विषय फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलेला, बालगुन्हेगारीची कारणे व प्रतिबंध. त्या शाळेचा आठवीतला एक मुलगा तेव्हा आमच्याकडे होता. हे मुख्याध्यापकांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं आणि आमचा समज होता की मुलांना माहीत नाही.

नानांच्या आधी एक प्रमुख पाहुणे बोलले. मोबाईल, व्यसन, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाईट संगत. संगतीवर ते बराच वेळ बोलले. मुलं शहाण्यासारखी ऐकत होती. कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मागच्या रांगेतला एक किरकोळ मुलगा उभा राहिला. त्यानं आमच्या मुलाचं नावच घेतलं. म्हणाला, "सर, तो बालवाडीपासून आमच्याचसोबत आहे. मग वाईट संगत म्हणजे आम्हीच का?"

पाहुण्यांनी घड्याळात पाहिलं. नाना उठले, पण भाषण करायला उभे राहिलेच नाहीत, मुलांत जाऊन सतरंजीवर बसले. मुलांनी विचारलं, तो तिथं मार खातो का, झोपायला गादी असते का, परत येईल तेव्हा त्याला याच वर्गात घेतील ना. शेवटच्या प्रश्नाला नानांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. सगळी शाळा मुख्याध्यापकांकडे बघायला लागली.

"घेऊ की," ते म्हणाले. आणि घेतलंही, हे सांगायला हवं.

*

जळगावातल्या एका कापड दुकानदाराचा मुलगा. राजस्थानातून आलेलं जैन घर, तीन पिढ्यांचं दुकान, घरात कशाला कमी नाही. मुलानं कोचिंग क्लासच्या बाहेर एका मुलाला इतकं मारलं होतं की त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. शेठजींना वाटत होतं, कुणीतरी दुसऱ्यानं केलं असेल. मुलानं मला शांतपणे सांगितलं की मीच मारलं. आणि वडिलांना भेटायचं नाही.

भेटीचा वार शनिवार, वेळ संध्याकाळची. शेठजी दर शनिवारी येत आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसत. मुलगा बाहेर यायचा नाही. वेळ संपली की ते उठायचे, नानांना नमस्कार करायचे आणि जायचे. पावसाळा गेला, थंडी आली. मला बघवेना. एकदा म्हटलं, शेठजी, तो तयार झाला की मी फोन करीन, तुम्ही कशाला खोळंबता?

ते म्हणाले, "लहान होता तेव्हा शाळा सुटली की दुकानात येऊन बसायचा. काहीतरी सांगायचं असायचं त्याला. मी म्हणायचो, गिऱ्हाईक आहे, थांब. थांबून थांबून गाद्यांवर झोपून जायचा. बसू द्या मला, मॅडम."

थंडीत दिवस लवकर मावळतो. शेठजी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणजे शनिवारी ते उपाशीच झोपत असणार. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अक्कांच्याही नाही.

अशाच एका शनिवारी ऊन भिंतीवर चढलं होतं. आतून मुलगा आला. वडिलांपासून जरा लांब उभा राहिला. कितीतरी महिन्यांनी बोलला तो त्यांच्याशी.

"पप्पा, दिवस बुडतोय. घरी जा, जेवून घ्या."

शेठजी म्हणाले, "तू बस थोडा. मग जातो."

तो बसला.

*

रस्त्यात जुनी मुलं भेटतात. आपण होऊन ओळख दाखवायची नाही, हे आम्ही पाळतो, कारण त्याच्यासोबत बायको असेल, मालक असेल, ओळख कुठली म्हणून सांगणार तो?

मध्यंतरी जळगावला गेले होते. स्टेशनवरून भाचीकडे जायला शेअर रिक्षा केली. चालक आमचाच. आरशात त्यानं मला पाहिलं, मीही त्याला पाहिलं. रिक्षात आणखी दोन बायका होत्या. आम्ही दोघं गप्प. पुढे त्या उतरल्या. भाचीच्या गल्लीत रिक्षा जात नाही, तरी त्यानं घातली, अगदी दारापर्यंत. मी उतरले आणि तो निघेल म्हणून थांबले. तो निघेना.

शेवटी म्हणाला, "ताई, तुम्ही आत जा आधी. तुम्हीपण आम्हाला घरी सोडायला यायच्या, तेव्हा आम्ही आत गेल्याशिवाय हलायच्या नाहीत."

मी आत गेले. दाराआड उभी राहून रिक्षाचा आवाज जाईपर्यंत ऐकत राहिले.

*

आणि हा किस्सा धुळ्याकडच्या एका खेड्यातल्या मुलाचा.

मोठ्या पोरांच्या नादानं तो शेतातल्या मोटारींच्या केबली कापायला जायचा. पकडला गेला तेव्हा त्यातली एक केबल सख्ख्या चुलत्याच्या विहिरीवरची निघाली. भाऊबंदकीत बोलणं बंद झालं, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. वडील मंडळासमोर आले, टोपी काढली आणि म्हणाले, "हा आमचा नाही. तुम्हीच ठेवा." आईला त्यांनी येऊही दिलं नाही.

मुलगा रडला नाही. परत येताना जीपमध्ये त्यानं मला विचारलं, "ताई, असं म्हणता येतं का?" पुढे त्याला घ्यायला कुणी आलं नाही. बाकीच्या मुलांची भेट असली की तो मागच्या बाजूला जाऊन झाडांना पाणी घालायचा.

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, गहू काढताना घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन मूठ काढतात. ते रोट घरच्यांनीच खायचे असतात, बाहेरच्याला द्यायचे नसतात. त्या रविवारी तो मुलगा जेवला नाही. अक्कांनी पुरणपोळी केली होती, तीही नको म्हणाला.

सोमवारी दुपारी फाटकाशी त्याचे वडील उभे. हातात फडक्याचं गाठोडं. नानांनी त्यांना ऑफिसात बसवलं, मी मुलाला घेऊन आले. तो दारातच थांबला, आत येईना.

आमच्याकडे नियम होता की बाहेरून आलेलं खाणं आधी आमच्यापैकी कुणीतरी चाखायचं, मगच मुलाला द्यायचं. नानांनी हात पुढे केला. वडिलांनी गाठोडं छातीशी ओढून घेतलं.

"नाही साहेब. हाई घरनास्नीच खावानं ऱ्हास."

हे घरच्यांनीच खायचं असतं. नाना स्वतः अहिराणी घरातले, त्यांना कळलं. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग हळू आवाजात म्हणाले की भाऊ, नियम तर आहे, चाखल्याशिवाय देता येणार नाही.

वडिलांनी विचार केला. गाठोडं सोडलं, रोटाचा एक तुकडा मोडला आणि आमच्यासमोर स्वतः खाल्ला.

दारातून मुलानं विचारलं, "आबा, मन्हा नावनी मूठ काढी व्हती का?"

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मीच काढी," ते म्हणाले, आणि उरलेला रोट त्याच्यापुढे धरला.

नाना खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "मॅडम, चला. आपण बाहेरचे."