मामा कोणाच्या बाजूचा

सिंधुदुर्गात सगळ्यात जास्त वेळा गद्दार ठरलेला आणि त्याच संध्याकाळी त्याच लोकांच्या घरी माशाचं जेवण जेवलेला माणूस कोण, अशी स्पर्धा कोणी भरवली, तर माझ्या मामाचा दुसरा नंबर येईल. पहिला सहज येण्यासारखा आहे, पण तो घेणार नाही. पहिल्या नंबराशी त्याचं काय वाकडं आहे हे मला आजवर कळलेलं नाही, आणि मामीला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

मामा फुटबॉलचा असिस्टंट कोच आहे. आमच्या किनाऱ्यावर क्रिकेटचे कोच पोत्याने सापडतात, फुटबॉलचे सगळे गोव्याच्या बाजूला. त्यामुळे मामाला मुख्य कोच व्हायचे जितके योग आले तितके कोणाला आले नसतील. प्रत्येक वेळी त्याने हात जोडले. मैदानावर तो स्वतःच्या तोंडाने कधी काही सांगत नाही. "सर म्हणतत, डाव्या अंगान येवा," असं सांगतो आणि सर त्या वेळी घरी दाढी करत असतात. टीमच्या प्रत्येक फोटोत मामा आहे, म्हणजे त्याचं कोपर आहे. आमच्या गावी तोंडवलीला देवळाशेजारच्या खोलीत असे कितीतरी फोटो लावलेत आणि प्रत्येकाच्या कडेला तेच एक कोपर, हळूहळू म्हातारं होत गेलेलं. मामीला याबद्दल विचारलं तर ती कोळंबी सोलता सोलता म्हणते, "घरात हेड कोच मी. हेनी कदी तक्रार केली नाय."

मला मात्र हे सोसत नाही. मी ज्या घरात वाढले तिथे भिंतीला रंगापेक्षा पत्रकं जास्त लागलेली होती. मच्छीमारांचा कुठलाही लढा असो, बाबा पत्रक छापून आणणार आणि आम्ही भावंडं ती बाजारात वाटणार. माणसाने बाजू घ्यावी, ती चारचौघांत सांगावी आणि तिच्यासाठी चार शिव्या खाव्यात, एवढं मला बाराखडीच्या आधीपासून येतं. आणि मामा बाजू घ्यायचा, शिव्याही खायचा, फक्त बाजू कोणती ते कोणालाच समजायचं नाही.

सुरुवात तोंडवलीच्या टीमपासून झाली. आमचे सर म्हणजे शाळेतले निवृत्त पीटी मास्तर. त्यांच्या हाताखाली मामाने वर्षानुवर्षं घासली आणि एकदाची आमची टीम स्पर्धा जिंकली. बक्षीस म्हणून बोकड मिळाला. मामाने त्याचे वाटे घालताना एक वाटा हरलेल्या टीमच्या गोलकीपरच्या घरी पोचवला. लोक चिडले, तेव्हा म्हणाला, "तेच्या हातातसून बॉल सुटलो म्हणान तुमी जिकलास. तेचोय हात लागलो मा?" लोकांनी हे मोठ्या मनाने सोडून दिलं, कारण बोकड चांगला शिजला होता. पण पुढच्याच आठवड्यात मामा खाडीपलीकडच्या टीमचा असिस्टंट कोच झाला. ती टीम त्या वर्षी सगळ्यांकडून मार खाऊन बसली होती. सरांनी कारण विचारलं. मामा म्हणाला, "तुमी जिकलास. आता माजा हय काय काम?"

गावात हलकल्लोळ झाला. आमच्या रापणीचा तांडेल, म्हणजे ज्याच्या हाकेवर सगळा गाव समुद्रातलं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढतो तो म्हातारा, फुटबॉलच्या बाबतीतही गावाचा आवाज आहे. त्याने सगळ्यांना देवळात गोळा केलं आणि देवासमोर गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आमचो असिस्टंट खाडयेपलीकडे गेलो हा. तेच्या बुद्धीक खंयचो फाटो फुटलो ता तुका ठावक. तेका वाटेक लाव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

सगळ्यांत मोठा आवाज मागून आला. वळून बघितलं तर मामा हात जोडून उभा होता. गावचं गाऱ्हाणं आहे म्हटल्यावर तो पलीकडून होडीने आला होता. प्रसादाचं खोबरं घेऊन परत सरावाला गेला.

तरुण पोरांना गाऱ्हाण्याने भागणार नव्हतं. त्यांनी मला पत्रक लिहायला सांगितलं आणि मी ते अंगात आल्यासारखं लिहिलं. मामाने गावाशी, टीमशी आणि सरांच्या वयाशी केलेली बेइमानी मी मुद्देसूद मांडली. छापायला द्यायच्या आदल्या दिवशी मामा घरी आला, चहा घेतला, कागद वाचला आणि म्हणाला, "बरा लिवलंस गो. पण बुटांचो मुद्दो ऱ्हवलो तुजो." टीमचे जुने बूट तो खाडीपलीकडच्या पोरांसाठी घेऊन गेला होता, हे मला माहीतच नव्हतं. त्याने तो मुद्दा मला सांगून लिहून घेतला आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. पत्रक छापलं गेलं. ते इतकं कडक झालं होतं की मामाबद्दल लोकांना वाईट वाटायला लागलं.

पुढे खाडीपलीकडची टीम धावायला लागली, आणि आता मामा तिथेच मुरणार असं सगळ्यांनी धरून चाललं, तर हा कुडाळला कारखान्यातल्या कामगारांच्या टीमकडे. आता खाडीपलीकडचे लोक त्याला गद्दार म्हणू लागले आणि आमचे लोक रागावले, की गद्दार म्हणायचा हक्क आमचा. कुडाळवाल्यांनी त्याला मुख्य कोच व्हा म्हणून गळ घातली, तर त्याने कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेल्या एका पोराला पुढे केलं आणि स्वतः त्याच्या मागे पिशवी धरून उभा राहिला. तिथून गोव्यातल्या एका मोठ्या क्लबाने त्याला असिस्टंट म्हणून बोलावलं तेव्हा मात्र सगळे भांडण विसरले. तांडेलाने नाक्यावर मामाचा मोठा बॅनर लावला. कोपराशिवाय दुसरा फोटो मिळेना म्हणून लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला फोटो टाकला. तो बॅनर पावसापाण्याने फाटायच्या आत मामा परत आला.

"काय झाला?" तांडेलाने विचारलं.

"थय सगळ्यांका सगळा येता," मामा म्हणाला, आणि बॅनरची सुटलेली दोरी बांधून घरी गेला.

काही दिवसांनी कळलं, की तो वैभववाडीला जातो. वैभववाडी म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी. भाताची नि काजूची शेती करणाऱ्या घरांतली पोरं, समुद्राशी आणि फुटबॉलशी सारखाच संबंध, म्हणजे नाहीच. तिथे मुख्य कोचसुद्धा नव्हता. मामा कोणाचा असिस्टंट होता हे कोणालाच सांगता येईना. "मुख्य कोच म्हणतत, पास लवकर देवा," असं तो तिथल्या पोरांना सांगायचा. मुख्य कोच कुठे आहेत म्हणून पोरांनी विचारलं, की म्हणायचा, "येतले."

या सगळ्यावर खूप डोकं शिणवल्यावर मला एक दिवस किनाऱ्यावर उत्तर सापडलं, असं मला वाटलं. रापणीच्या जाळ्याची दोन टोकं दोन दोरांनी किनाऱ्यावर ओढतात. दोन्ही दोर सारखे आले पाहिजेत. एक बाजू जोरात आली की जाळं वाकडं होतं आणि मासळी निसटते. मग जोरातल्या बाजूचा एखादा गडी आपला दोर सोडतो आणि वाळूतून धावत जाऊन दुसऱ्या बाजूला हात लावतो. आमच्या रापणीत हा धावणारा गडी पहिल्यापासून मामाच. मी धावत त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, "मामा, तू जिंकणारी टीम सोडतोस ते या रापणीसारखं. कमी पडणाऱ्या दोराला हात लावायला जातोस. बरोबर?"

मामाने हाताची वाळू झटकली. "तसा काय नाय गो," तो म्हणाला. "वैभववाडीक स्टेशनासमोर चाय बरी गावता."

मला ते पटलं नाही. मी माझं तत्त्व टपरीवर सगळ्यांना समजावून सांगितलं आणि इथेच घोटाळा झाला. सर थकले होते, आमची टीम घसरत चालली होती, आणि तांडेल मामाला परत आणायचा मार्गच शोधत होता. तो माझं सगळं ऐकून म्हणाला, "म्हंजे आमी शेवटचे इलंव तर तो येतलो."

"तसा मी म्हणूक नाय," मी म्हटलं.

पण रापणीचा दाखला दिल्यावर आमच्या गावात पुढे कोणी ऐकत नाही. त्या मोसमात तोंडवलीचे प्रेक्षक आपल्याच टीमवर गोल झाला की एकमेकांना टाळ्या द्यायला लागले. आमच्या बॅकने बॉल सोडला की कोणीतरी म्हणायचं, "बरा केलंस रे, सोड." पोरंही बिचारी भावनेने हरायला लागली. मैदानावर कोणी कोणाला हाक मारेना. एका रविवारी मामा सुट्टीला घरी आला होता, तो हे बघायला आला. त्याने पहिला गोल बघितला, टाळ्या ऐकल्या, कोणीतरी आनंदाने त्याला आमचा बेत सांगितला. मामाला रागावलेला मी तेव्हाच पहिल्यांदा बघितला. "हरूक येता तेंका कोच कशाक होयो?" एवढंच बोलला आणि मॅच अर्धी टाकून निघून गेला.

मग लोकांचे डोळे उघडले, पण उशीर झाला होता. जिल्ह्याच्या स्पर्धेतला आमचा साखळीतला शेवटचा सामना राहिला होता, कुडाळला, आणि समोर नेमकी वैभववाडी. नियम असा, की तळाची टीम पुढच्या वर्षी बाद. सरांनी सांगून टाकलं होतं, की बाद झालो तर मी टीम मोडणार, पोरांनी मिळेल तिथे जाऊन खेळावं. निदान बरोबरी झाली तरच तोंडवली वाचणार होती.

मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी मागे होतो. आमच्या बाजूला कोणी बोलत नव्हतं. समोर मामाने आपल्या पोरांना लिंबाच्या फोडी वाटल्या, "मुख्य कोच म्हणतत, असाच खेळा," असं सांगितलं, पिशवी खांद्याला लावली आणि मैदान ओलांडून चालू लागला.

"ह्यो खंय चल्लो?" तांडेल म्हणाला.

मामा सरळ आमच्याकडे आला आणि सरांच्या शेजारी उभा राहिला. सरांनी मान वळवली नाही. "उशीर झालो," ते म्हणाले. मामाने आमच्याही पोरांना लिंबं दिली आणि काहीतरी हळू बोलला. वैभववाडीचे पाठीराखे ओरडायचं विसरले. आमच्या लोकांना जयजयकार करावा की लाज वाटून घ्यावी ते ठरवता येईना. मला तर कोणत्या शब्दापासून सुरुवात करावी ते कळेना, आणि माझ्याकडे शब्दांची कधी वाण नसते.

मध्यंतरानंतर आमची पोरं एकमेकांना नावाने हाका मारत धावत होती. एक गोल झाला. वैभववाडीच्या पोरांनी पुन्हा जोर लावला आणि दोनदा बॉल खांबाला लागला. अगदी शेवटी आमचा दुसरा गोल झाला. बरोबरी झाली. तोंडवली वाचली, आणि मग कोणीतरी गुण मोजून सांगितलं, की वैभववाडीलाही पुढच्या फेरीत जायला बरोबरी पुरेशी होती. दोन्ही गावं नाचायला लागली. स्पर्धा समितीच्या लोकांना मात्र दोन्ही गावं एकाच वेळी खूश झालेली बघायची सवय नव्हती. त्यांना संशय आला.

चौकशीला मी मामाबरोबर गेले. ऑफिसात शिरताच मामाची भाषा नेहमीप्रमाणे सरळ झाली.

"तुम्ही वैभववाडीच्या टीमची कोणती माहिती तोंडवलीला दिलीत?"

"काही नाही साहेब. एकमेकांना नाव घेऊन हाका मारा, असं सांगितलं."

"मग तुम्ही तिकडे गेलात कशाला?"

मी रापणीबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "ते मलाही नीट सांगता येणार नाही," तो म्हणाला. "पाय गेले."

एकाच सामन्यात दोन टीमना कोचिंग केल्याबद्दल त्याला पुढच्या मोसमापुरती बंदी झाली. कुठल्याही टीमजवळ उभं राहायचं नाही, खेळाडूंना काही सांगायचं नाही. मी त्या निर्णयाविरुद्ध पत्रक लिहायला बसले. बाजू न्यायाची होती यात मला शंका नाही, फक्त मागणी काय करावी ते सुचेना. दोन्ही टीमकडे जायची परवानगी द्या, अशी मागणी आमच्या घरातल्या कुठल्याच पत्रकात सापडत नव्हती. कागद तसाच राहिला.

या मोसमाचा पहिला सामना आमच्या सड्यावर झाला, कातळावर माती टाकून केलेल्या मैदानावर. तोंडवली विरुद्ध खाडीपलीकडची टीम. मामा वेळेआधी आला, धुतलेला शर्ट घालून, पिशवीशिवाय. माणसं दोन्ही कडांना बसली होती. तांडेलाने हात केला, "हय ये रे." पलीकडूनही कोणीतरी त्याला शिटी घातली. मामा दोन्हीकडे हसला आणि मधेच उभा राहिला. प्रेक्षक म्हणून मॅच कशी बघतात हे त्याला ठाऊक नव्हतं. पाहुण्या टीमने गोल केला तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या, मग आमच्याकडे बघून थांबला, मग पुन्हा थोड्या वाजवल्या.

थोड्या वेळाने तो माझ्याजवळ आला. "गो," तो हळूच म्हणाला, "माका सांग, आता मी खंय बसू?"

आजवर हा प्रश्न मी लोकांना विचारत आले आणि उत्तर नसलं की त्यांच्यावर चिडले. मी सरकून जागा केली. पण तो बसला नाही. समोर एका पोराच्या बुटाची नाडी सुटली होती आणि पोरगं तसंच धावत होतं. मामा हात पाठीमागे बांधून त्या नाडीकडे बघत राहिला. हाक मारायची त्याला बंदी होती. मीही त्या पोराच्या पायांकडे बघत राहिले. तो कोणत्या टीमचा होता, ते बघायचं माझ्या लक्षातच आलं नाही.