घंगाळावरचं नाव

आमच्या घरातून कुणी चहा न घेता उठलं, तर आई ते आठवडाभर विसरत नसे. त्यामुळे पिंपरीच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या अमेरिकन इंजिनिअरच्या बायकोनं पहिल्याच भेटीत कप मागे सारला, तेव्हा मला घाम फुटला. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि चिंचवडहून जाऊन त्या बाईंना मराठी शिकवत होते. बाई मॉर्मन. चहा, कॉफी, दारू, तंबाखू, सगळं वर्ज्य.

"चहात कसला आलाय अधर्म?" आई पुटपुटली. पण दूध आणून दिलं.

पुढच्या खेपेला त्या आल्या तो महिन्याचा पहिला रविवार, त्यांच्या उपासाचा. उपास म्हटल्यावर आईला हुरूप आला. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याच्या फोडी, दाण्याचे लाडू, सगळं पानात हजर. त्यांच्या उपासात पाणीही चालत नाही, हे मी सांगितलं तेव्हा आई माझ्यावरच उखडली. "आधी सांगाया काय झालं हुतं?" बाईंनी मुकाट्यानं सगळं फडक्यात बांधून घेतलं, संध्याकाळी उपास सोडताना खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी लाडू कसे करतात ते विचारायला आल्या. तिथून त्या आमच्याच झाल्या.

त्यांच्याकडे एक भलामोठा कागद होता, पूर्वजांचा. मॉर्मन लोकांत गेलेल्यांची नावं शोधून काढणं हे धर्माचं काम. त्यांनी आमचाही कागद आखायला घेतला. वडिलांची बाजू भराभर भरली. आईच्या आईपाशी पेन्सिल थांबली.

"पहिली," आई म्हणाली.

आईला जन्म देऊन आठव्या दिवशी तिची आई गेली. वर्षाच्या आत आजोबांनी दुसरं लग्न केलं. मग घरात ती नुसती 'पहिली' झाली. तिच्या माहेरची माणसं प्लेगात गेली, पुढे आजोबाही गेले. सांगणारं कुणी उरलं नाही. पितृपंधरवड्यात आई तिच्यासाठी पान वाढायची आणि काय नावानं बोलवावं ते ठाऊक नसल्यामुळे नुसतं "ये" म्हणायची. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझ्यानं आईकडे बघवेना.

दोन बायकांची गोष्ट ऐकून बाई काय म्हणतील, याची मला उगाच लाज वाटत होती. त्या हसल्या. त्यांच्या पणजोबांना तीन बायका होत्या. त्या काळी त्यांच्या लोकांत तशी चाल होती, पुढे बंद झाली. हातगाड्या ओढत वाळवंटापर्यंत चालत गेलेली माणसं ती. "तिघींची नावं आहेत," त्यांनी आपल्या तोडक्या मराठीत सांगितलं. "पहिली, दुसरी नाही. नाव."

आई एकदा तांदूळ निवडत असताना त्यांनी आपल्या धर्मग्रंथाची कथा सांगितली. एका देवदूतानं त्यांच्या प्रेषिताला डोंगरात पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांवर कुणाला वाचता न येणारी अक्षरं कोरलेली होती, त्यातून ग्रंथ उतरला. बाईंचे भाऊ तिकडे कॉलेजात त्या ग्रंथाच्या शब्दाशब्दाचा कीस काढत बसायचे. कुणाला पटायचं, कुणाला नाही. आईला काहीच अडचण नव्हती.

"आमच्या देहूला वह्या पाण्यातनं वर आल्या, तुमचे पत्रे मातीतनं. पर पत्र्यावर कशापायी लिवलं?"

"कागद कुजतो," मी बाईंचं उत्तर सांगितलं.

आईचा हात सुपातच राहिला. "घंगाळ," ती म्हणाली. "पहिलीच्या लग्नातलं तांब्याचं घंगाळ. काठावर अक्षरं हुती."

ते घंगाळ चाकणकडच्या गावी, सावत्र आजीच्या घरात होतं. त्या घराची पायरी आई बारा वर्षं चढली नव्हती. "तिनं घासून घासून पुसून टाकलं असंल," असं ती बाईंच्या जीपमध्ये सारखी म्हणत होती. बाई सोबत होत्या म्हणूनच ती निघाली. त्यांचे हे उपकार मी विसरले नाही.

म्हातारीनं काही न विचारता न्हाणीकडे बोट दाखवलं. घंगाळ खालून काळंठिक्कर, काठ मात्र लख्ख. काठावर मोडीतली ओळ, स्पष्ट. आम्हा कुणालाच मोडी येत नव्हती. बाईंनी त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून फिरवली. त्यांच्याकडे जुन्या थडग्यांवरची नावं अशीच उतरवतात. काळ्यात पांढरी अक्षरं उमटली.

"इतकी वर्सं घासून बी राहिलं?" आई म्हणाली.

"मला वाचाया कुठं येतंय," म्हातारी म्हणाली. "पर कुनाचं तरी नाव हाय एवढं कळतं. तितं राख न्हाई लावली कधी. नुसती चिंच, आन् हात हलका."

"मग मला नाव सांगितलं का न्हाई?"

"मला तरी कुनी सांगितलं? मला समदी दुसरी म्हनायची."

आईनं घंगाळ उचलून होतं तिथं नीट ठेवलं. निघताना ती जीपमध्ये चढली, आणि उतरून एकटीच परत आत गेली. लगेच आली. कशाला गेली होती, ते बोलली नाही.

घरी वडिलांनी कागद उजेडात धरून अक्षर अक्षर लावलं. आईनं ते नाव दोनदा म्हटलं. मग तिनं बाईंना विचारलं, "तुमच्या देवळात न्हेणार का हिचं नाव?" मेलेल्यांच्या वतीनं त्यांच्या मंदिरात जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो, हे तिनं ऐकलं होतं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. "तुमची आई तुमची," त्या म्हणाल्या आणि रिकाम्या जागी नाव लिहिलं. आजही त्यांची आठवण आली की मला आधी हे वाक्य आठवतं, आणि मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करते.

आईनं त्या नावाशेजारी बोट ठेवलं. "हितं अजून एक लिवा," ती म्हणाली, आणि सावत्र आजीचं नाव सांगितलं. ते नाव मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आईनंही दुपारीच ऐकलं होतं, जीपमधून उतरून.