कानबाईचे राखाडी डोळे

माझे डोळे काळे आहेत. धुळ्याजवळच्या माझ्या सासरी आजवर त्यांची कोणी दखल घेतलेली नाही. दखल घेतात ती माझ्या सुरतच्या जाऊबाईंच्या घाऱ्या डोळ्यांची, आणि तीही दर श्रावणात, कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद जमले की न चुकता. यंदा मी म्हटलं, बघूच.

जळगावला चष्म्याच्या दुकानात गेले. दुकानदार सज्जन माणूस.

"मॅडम, घाऱ्या डोळ्यांना हलका रंग पुरतो. काळ्या डोळ्यांवर तो दिसतच नाही. तुम्हाला दाट रंगाची लेन्स लागेल. ही मधाच्या रंगाची घ्या, अगदी नैसर्गिक दिसते."

"नैसर्गिक तर मी फुकटात दिसते," मी म्हटलं आणि फिकट राखाडी उचलली. (तो काहीतरी बोलणार होता. बोलायला हवं होतं.)

रविवारी गावी पोचले तर प्राची मागे लागली. ही नानांची, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांची नात. नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, उद्या फी भरली नाही तर जागा जाणार, आणि नाना काही केल्या पाठवायला तयार नव्हते.

"काकू, तुम्ही एकदा बोला ना नानांशी."

"बोलते गं. आधी डोळ्यांचं बघू दे."

तिन्हीसांजेला मी आतल्या खोलीत आरसा घेऊन बसले. बाहेर चौरंगावर कानबाई बसली होती: नारळाला चांदीचे डोळे, नाकात नथ, पुढे समया. बायकांची गाणी रंगात आली होती. एक लेन्स बसली, दुसरी बसेना. न्हालेले केस बांधायचे राहून गेले. शेवटी लेन्स बसली आणि नेमकी लाइट गेली.

दाराच्या फटीतून समईचा उजेड आरशावर येत होता. आरशात चेहरा माझाच होता, पण माझ्याकडे बघणारी बाई मी नव्हते. तिच्या डोळ्यांत काळं असं जवळजवळ काही उरलंच नव्हतं. मी खरंच घाबरले आणि माणसांत जावं म्हणून तशीच बाहेर आले.

गाणं एकेका तोंडातून थांबत गेलं. शेवटी एकच म्हातारी गात राहिली, मग तिनेही मान वर केली. कोणी हलेना. डोळ्यांची आग होत होती, पापणी मिटायची सोय नव्हती, पुढचं सगळं धूसर. अंधारात म्हणे दोनच गोष्टी चमकत होत्या: नारळाचे डोळे आणि माझे.

"माय उनी," कोणीतरी हळूच म्हणालं.

"कोण आली?" असं मी विचारणारच होते, तेवढ्यात माझ्या पायावर पाणी पडलं. कपाळाला कुंकू लागलं, त्यातलं थोडं डोळ्यात गेलं. धारा सुरू झाल्या. कोणीतरी ओटी भरली. पायांशी कपाळ टेकलं ते जाऊबाईंचं होतं. (एरवी हा क्षण मी जन्मभर जपला असता.)

मग धूसर अंधारातून नाना आले. ज्यांच्यासमोर माझा पदर आजही आपोआप डोक्यावर जातो, ते नाना माझ्यापुढे हात जोडून उभे होते.

"माय, रडस का वं? आमनं काय चुकनं?"

आता लेन्स काढून दाखवावी तर भर कानबाईत घराण्याची शोभा! आणि गप्प राहावं तर देवीच्या नावाने फसवणूक.

"पोरले शिकाले धाडू का?" नानांनीच विचारलं. "तेनासाठे रडस का?"

त्यांच्या मागे प्राचीची पुसट आकृती उभी होती. श्वाससुद्धा घेत नव्हती पोर.

माझी मान हलली. मी हलवली की आगीने हलली, हे मला आजही सांगता येत नाही. त्या नारळाकडे बघून विचारायची हिंमत नाही.

"धाडसू माय, धाडसू," नाना म्हणाले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवून रडले. मलाही मग खरंच रडू आलं.

सकाळी फी भरली गेली. प्राची आता नाशिकला आहे, छान चाललंय तिचं.

परवा नानांकडे धाकट्या नातीच्या शिक्षणाचा विषय निघाला. मी पदर सावरून, स्पष्ट, मुद्देसूद बोलले. नानांनी माझ्या काळ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"तुले काय समजस? जाय, चहा ठेव."

मी चहा ठेवला. उकळी येईपर्यंत दुकानदाराला फोन करून दुसरी जोडी सांगितली. म्हटलं, या खेपेला आणखी फिकट असेल तर बघा.