अविनाशने लावलेली तार

मीनलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "शिरीष, अविनाश गेला रे... इथे पिनरलाच, त्याच्या दवाखान्याच्या बाहेर. पार्किंगवरून ट्रॅफिक वॉर्डनशी भांडत होता, भांडता भांडता कोसळला. पॅरामेडिक्स आले, पण काही उपयोग झाला नाही." मीनल म्हणजे त्याची बायको, आणि पिनर म्हणजे लंडनचं एक उपनगर. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मेल्या, जातानाही भांडलासच. सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं. पाच आठवडे झाले, माझा राग अजून उतरलेला नाही.

अविनाश नागपूरचा. वेडेवाकडे दात सरळ करणारा डॉक्टर, आणि राग कायम नाकावर. दोन हजार तीनच्या सुमारास तो ब्रिस्टलला डॉक्टरेटसाठी आला. तिथल्या डेंटल कॉलेजच्या लॅबमधलं ताण मोजायचं मशीन माझ्या ताब्यात होतं. मी पुण्याचा इंजिनिअर. दातावर ब्रॅकेट चिकटवतात, त्याच्या खाचेतून तार जाते आणि दात तारेवरून सरकत जागेवर येतो. पण खाच आणि तार एकमेकांना घासतात, आणि लावलेला बराचसा जोर त्या घासण्यातच खलास होतो. तो नेमका किती, हे त्याला मोजायचं होतं. "एवढ्यासाठी डॉक्टरेट?" मी हसलो. त्याने हातातला मग सिंकमध्ये आपटून फोडला. "जोर कमी पडला तर दात हलत नाही, जास्त झाला तर मूळ झिजतं. लोकांच्या तोंडात काय अंदाजाने जोर लावू? तुमची विमानं अंदाजाने उडतात का?"

मशीन अडलं की तो त्याला लाथा घालायचा. एकदा भिंतीवर बुक्की मारून बोट मोडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातलेल्या हाताने तारा कापत बसला. जेनिस नावाची टेक्निशियन होती. तो दारात दिसला की ती आधी काचेची भांडी उचलून ठेवायची. मी त्याला जमदग्नी म्हणायचो. तो म्हणायचा, "दात घशात घालीन." आम्ही दोघंही हसायचो... तेव्हा.

चूक माझी. इंजिनिअरची सवय अशी, की एकच नमुना पुन्हा पुन्हा खेचायचा. आकडे जुळले की मोजमाप पक्कं. मी एकेक तार त्याच ब्रॅकेटमधून दहा-दहा वेळा ओढली. दर खेपेला तारेवर नवे ओरखडे पडले आणि घर्षण फुगत गेलं. त्याची चार महिन्यांची मेहनत मातीत गेली. आणि याहून वाईट म्हणजे, ते ओरखडे मला मायक्रोस्कोपखाली दिसले होते. तरी तीन आठवडे मी मूग गिळून गप्प बसलो.

परीक्षकांना काम दाखवायच्या चार दिवस आधी ते त्यालाही दिसले. "तुला ठाऊक होतं?" "सांगणारच होतो..." मी एवढंच म्हणालो आणि त्याची बुक्की तोंडावर बसली. मी टेबलावर कोसळलो, बाटल्या फुटल्या. मीही उठून त्याच्या डोक्यात स्टूल घातलं. चाळिशीकडे झुकलेले आम्ही दोघं बाप्ये, फरशीवर एकमेकांचे गळे धरून लोळत होतो. जेनिस ओरडली, "सिक्युरिटीला बोलवू?" तेवढ्यात त्याला माझा पुढचा दात लोंबताना दिसला. "ग्लोव्हज आण," तो तिला म्हणाला. वरच्या मजल्यावरच्या क्लिनिकमध्ये त्याने मला खुर्चीत ढकललं. "तोंड उघड. बोलू नकोस." त्याच्या कपाळातून रक्त गळत होतं, माझ्या शर्टावर पडत होतं. त्याने दात दाबून जागेवर बसवला आणि मागच्या बाजूने तार चिकटवली. हात जरासुद्धा थरथरला नाही.

पुढे सगळे प्रयोग त्याने एकट्याने पुन्हा केले, दर खेपेला नवी तार आणि नवं ब्रॅकेट घेऊन. डॉक्टरेट वर्षभर लांबली. तो माझ्याशी बोलेना. पिनरला स्वतःचा दवाखाना काढल्यावर मात्र दर सहा महिन्यांनी तिथून चेकअपचं पत्र यायला लागलं. मी ब्रिस्टलहून ट्रेनने जायचो. 'चुकलं माझं' एवढे दोन शब्द बोलायचे ठरवून जायचो. पण बसल्या बसल्या "तोंड उघड", की त्याची बोटं आणि आरसा तोंडात. दोनदा तार निघाली, दोनदा त्याने नवी लावली. "ठीक आहे. सहा महिन्यांनी ये," एवढं म्हणून तो पुढच्या पेशंटकडे वळायचा. परतीच्या वाटेवर मी त्याला मनातल्या मनात शिव्या हासडायचो, आणि पत्र आलं की पुन्हा जायचो.

गेल्या आठवड्यात ब्रिस्टलमधल्याच एका डेंटिस्टकडे गेलो. तरुण मुलगी होती. दाताला मार कधी लागला, तार दोनदा कशी पुन्हा लावली, दर सहा महिन्यांचे चेकअप, सगळं मी तिला सांगितलं. आरशात बघून ती चकित झाली. "ही तार अजून का आहे? मार लागलेल्या दाताची तार फार तर चार आठवडे ठेवतात. दात केव्हाच घट्ट झालाय. ती पुन्हा पुन्हा लावली कशाला? आणि एवढे चेकअप कशासाठी?" मला कशासाठी ते कळलं. एवढी वर्षं तो मला बोलावत होता, आणि मी दात दाखवून परत येत होतो.

"काढून टाकू?" तिने विचारलं.

"राहू दे," मी म्हणालो, आणि त्या खुर्चीतच मला रडू कोसळलं. तिला वाटलं, तिचाच हात लागून दुखलं. "सॉरी," ती म्हणाली.