पान्याची लांबी

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडायची नाही. लग्नात आहेर आलेला मिक्सर त्याने सत्यनारायणाची पूजा आटोपल्याबरोबर जमिनीवर पसरून ठेवला होता. सासूबाई म्हणाल्या, "अरे, चालू आहे की तो!" तर म्हणाला, "म्हणूनच बघतोय. बिघडल्यावर काय, सगळेच बघतात." मी नवी नवरी, हातभर हिरवा चुडा, आणि माझ्या मिक्सरचे स्क्रू गोळा करत सोफ्याखाली वाकलेली. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी काय पदरात पडलंय ते.

तो जहाजावर इंजिनिअर होता, कोल्हापूरचा. आम्ही एकाच कॉलेजात शिकलो. तो बोटीवर गेला, मी जमिनीवर राहिले. त्याची जहाजं सिंगापूरहून सुटायची म्हणून आम्ही इथे आलो आणि हौगांगला फ्लॅट घेऊन राहिलो. मला नोकरी लागली ती तुआसला, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, तेव्हा जू कूनपर्यंतच जायची, पुढे कंपनीची बस. कारखाना छोटाच होता. पाण्याचे व्हॉल्व्ह आणि हायड्रंट बनायचे, आणि मी ते कागदावर काढायचे.

हायड्रंट म्हणजे फुटपाथच्या कडेला उभा असतो तो बुटका खांब, ज्याला आग लागली की बंबवाले पाइप जोडतात. एरवी त्याच्याकडे कुत्रं सोडून कुणी बघत नाही. मग कधीतरी आतला रबरी वॉशर झिजतो, पाणी ठिबकायला लागतं, आणि त्या टिचभर वॉशरसाठी फुटपाथ खणायची वेळ येते. चार माणसं, एक ट्रक, आणि शेजारच्या इमारतींचं पाणी बंद. आमच्या बॉसला या खणाखणीच्या तक्रारी ऐकून वीट आला होता. एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "वन मॅन, वन स्पॅनर, नो डिगिंग. कॅन?"

मी म्हणाले, "कॅन." सिंगापूरमध्ये आधी 'कॅन' म्हणायचं आणि विचार मागाहून करायचा, एवढं मी तोवर शिकले होते.

कल्पना साधी होती. झिजणारं जे जे काही आहे, म्हणजे वॉशर, तबकडी, दांडा, ते सगळं एका पितळी नळकांड्यात बसवायचं. वरची टोपी पान्याने फिरवली की नळकांडं अख्खं वर उचलून घ्यायचं आणि नवं घालायचं. तेवढ्या वेळात खालून पाणी उसळू नये म्हणून एक रबरी गोळा, जो पाण्याच्याच दाबाने वर येऊन भोक बुजवेल. अडचण होती ती टोपीची. ती वर्षानुवर्षं बंद राहणार, उन्हापावसात जाम होणार, आणि तरी एकट्या माणसाच्या ताकदीने उघडली पाहिजे.

नवरा सुट्टीवर घरी असला की मी नमुने घरी आणायचे. जेवणाच्या टेबलाला मी एक व्हाइस बसवून घेतला होता. पाहुण्यांना तो खिमा यंत्र वाटायचा. नमुना व्हाइसमध्ये पकडायचा, आणि हा डोळे मिटून तो उघडायचा. डोळे मिटून कशाला, तर म्हणे, "इंजिन रूममध्ये दिवे गेले की तू येणारेस का बॅटरी धरायला?" पहिला नमुना त्याने हां हां म्हणता उघडला आणि लगेच माझी बिनपाण्याने केली. "टोपी कुठल्या बाजूला फिरवायची हे टोपीनं सांगायला नको? का तू स्वतः उभी राहणारेस फुटपाथवर, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत?" मला असा राग आला की जेवणभर मी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तुआसला जाऊन टोपीवर बाण काढला, आणि ही सूचना कुणाची ते मात्र बॉसला सांगितलं नाही.

पुढच्या सुट्टीत त्याला टोपी जड गेली.

"आटे घट्ट आलेत तुझे," तो म्हणाला. मी मोजून बघितले. कागदावर होते तसेच होते, केसाचाही फरक नव्हता. पण मापापेक्षा माझा त्याच्या हातावर जास्त विश्वास होता. मी आटे सैल करून घेतले. नवा नमुना आला. "अजून जड आहे गं." मग टोपीचे कान मोठे केले, म्हणजे पाना नीट बसावा. मग पाना लांब केला. मग वेगळं ग्रीस. माझ्या हातात त्या टोप्या सरसर फिरत होत्या, पण मी पडले बनवणारी, मला सवय झाली असणार, अशी मी माझी समजूत घातली. तो जहाजावर गेला, परत आला, आणि मी हलकी करून ठेवलेली टोपी त्याला पुन्हा जडच गेली. आम्ही दोघं इंजिनिअर टेबलाशी बसून पितळ तपासत होतो, रबर तपासत होतो, पाना तपासत होतो. हात तपासायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तो हात कधी चुकलाच नव्हता.

ते आमच्या मुलीच्या लक्षात आलं. अकरा-बारा वर्षांची असेल. नाश्त्याला त्याने कायाची, म्हणजे इथल्या नारळाच्या जॅमची, बाटली उघडायला घेतली, थोडी झटापट केली आणि मुकाट्याने तिच्यापुढे सरकवली. तिने टक्कन उघडली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू ऑल्सो कॅनॉट ओपन काया, लाह! नॉट ओन्ली आई'ज हायड्रंट." तो हसला. मीही हसले. मग आमची नजरानजर झाली, आणि मी फोन उचलून डॉक्टरची वेळ घेतली.

डॉक्टर फार हळू आवाजात बोलत होती. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्यात, आधी हात, मग बाकीचं. औषधाने थोडा वेळ मिळेल. त्याने इंग्रजीत विचारलं, "स्पेअर पार्ट मिळत नाही का?" ती हसली नाही. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "बघ, दुरुस्तीची सोयच ठेवलेली नाही. कुणी केलं असलं डिझाइन?" मी बसस्टॉपवर लोकांसमोर मोठ्याने रडले. शेजारच्या चिनी आजीबाईंनी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्यांची बस आली तशा निघून गेल्या.

जहाजावरची नोकरी सुटली. घरी बसून तो चिडचिड करेल असं मला वाटलं होतं, पण चिडचिड करत होते ती मीच. त्याने एकच मागणं मागितलं. "तुझा हायड्रंट पक्का ओतून आला ना, की पहिल्यांदा मी उघडणार. माझ्या हातानं. मला जमलं तर जगात कुणालाही जमेल. असला टेस्टर तुझ्या कंपनीला शोधून सापडायचा नाही."

त्या दिवसापासून मी हायड्रंट बनवत नव्हते, त्याच्या हाताशी शर्यत लावत होते. हात मागे पडला की मी पाना आणखी लांबवायचे. शर्टाची बटणं गेली, तेव्हा मी टोपीच्या आट्यांचा उतार बदलला. चमच्याच्या दांड्याला जाड फडकं गुंडाळावं लागलं, तेव्हा पान्याच्या मुठीलाही तसाच जाड रबर चढवला. बॉसने पाना हातात घेऊन हवेत फिरवला. "वाह, लाइक गोल्फ स्टिक!" मी म्हणाले, लांबी एवढीच लागेल. इतक्या तोऱ्यात म्हणाले, की त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याला घरचं माहीत होतं. पण ओतकाम बाहेर व्हायचं आणि तिथे आमच्या मालाचा नंबर लागेना. मी फोनवर ज्या भाषेत त्या लोकांशी भांडले ती भाषा कुठल्याही देशात शोभणारी नव्हती. रोज घरी आले की तो विचारायचा, "आला?" आणि मी म्हणायचे, "उद्या."

हायड्रंट आला नेमका खंडेनवमीच्या दिवशी. मी त्याचा वरचा भाग, नळकांडं आणि पाना अशी सगळी जड पिशवी घेऊन दुपारीच निघाले. एमआरटीत पान्याचं टोक पिशवीबाहेर डोकावत होतं आणि लोक जरा लांबच उभे होते.

घरात पूजेची तयारी झाली होती. सासऱ्यांचं कोल्हापुरात लेथचं वर्कशॉप, त्यामुळे याच्या घरी दिवाळीपेक्षा खंडेनवमी मोठी. जहाजावरही तो इंजिन रूममध्ये पान्यांना हळदकुंकू वाहून नारळ फोडायचा आणि फिलिपिनो पोरांना खोबरं वाटायचा. आज पाटावर त्याचे जहाजावरचे पाने, माझा व्हर्नियर, मुलीची कंपासपेटी आणि लिटल इंडियातून आणलेले झेंडू. मी चपलाही न काढता नमुना व्हाइसमध्ये धरला.

"चल, उघड."

"आज नको," तो म्हणाला. "आज हत्यारांना सुट्टी. तुझा पाना पूजेत ठेव. उद्या दसरा, उद्या उचलायचा."

माझा संयम सुटला. महिनोन् महिने मी याच्यासाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या, एकेक दिवस मोजून काढला, आणि हा मला सुट्टी सांगतोय? मी म्हणाले, देवाला कळतं तुझी काय परिस्थिती आहे, तो काही रागावणार नाही. मी बरंच काही म्हणाले. तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "आमच्यात पूजेच्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. ठेव."

मी पाना पाटावर आपटलाच जवळजवळ. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. तेवढ्यात त्याने दोन्ही हात कसेबसे उचलून पाटाच्या कडेवर, पान्यांच्या शेजारी ठेवले. तळवे वर.

"यांनाही लाव."

"काय नाटकं ही," मी म्हणाले. पण लावलं. उजव्याला लावलं, डाव्याला लावलं, दोन्ही तळव्यांवर एकेक झेंडू ठेवला. मुलीने उदबत्ती ओवाळली ती पान्यांवरून आणि त्या हातांवरून एकदमच. बराच वेळ तो तसाच बसला होता.

दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून तो टेबलाशी आला. नवा शर्ट त्याला मीच घातला होता. पान्यावर त्याने आधी बोटं ठेवली, ती मिटेनात, मग दोन्ही मनगटं टेकवली आणि खांद्याने रेटलं. पाना हलला नाही. पुन्हा रेटलं. कानशिलं लाल झाली. मी मदतीला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग तो मागे टेकून बसला.

"तू उघड."

मी पान्याच्या टोकाला दोन बोटं लावली. टोपी लोण्यासारखी फिरली. नळकांडं वर आलं, अख्खं, कुठेही न अडखळता. इतकं सोपं झालं होतं ते. पोराटोरांनीही उघडलं असतं.

"झकास," तो म्हणाला. "जमलं की मॅडम!"

मला हुंदका आवरेना. "काल उघडायला पाहिजे होतंस. काल जमलं असतं तुला. तुझी ती सुट्टी!"

"काल सकाळी तू ऑफिसला गेल्यावर जुना नमुना उघडून बघितला," तो म्हणाला. "नाही उघडला. परवाही नव्हता उघडला. म्हणून तर म्हटलं, पूजा करून घ्यावी."

मुलीने आपट्याची पानं कार्डपेपरची कापून सोनेरी रंगवली होती. तिने एक त्याच्या हातात ठेवलं, "बाबा, सोनं घ्या." ते बोटांतून घरंगळलं. तिने ते उचललं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं. "पॉकेट बेटर, लाह," म्हणाली.

पुढचा दसरा त्याने पाहिला नाही.

आमचे हायड्रंट विकले गेले. तोआ पायोहमध्ये एका शाळेच्या कुंपणाशी एक आहे, दवाखान्यात जाताना दिसतो. एकदा तिथे एक माणूस नळकांडं बदलत होता. एका हाताने टोपी फिरवत होता, दुसऱ्या हातात फोन धरून कुणाशी तरी हसून बोलत होता. मी तिथेच थांबून त्याचं काम संपेपर्यंत बघत राहिले.

मग खर्च कमी करायची मीटिंग झाली. नव्याने लागलेल्या एका इंजिनिअरने सगळं नीट मोजून आणलं होतं. ही टोपी इतकी हलकी आहे की पाना निम्म्या लांबीचा केला तरी पुरेल, लोखंड वाचेल. त्याचं गणित बरोबर होतं. मी तपासलंही. बॉस माझ्याकडे बघत होता.

"लांबी कमी होणार नाही," मी म्हणाले.

त्या मुलाने अगदी अदबीने विचारलं, "पण मॅडम, एवढी लांबी कुणाला लागते?"

मी म्हणाले, "माझ्या नवऱ्याला लागते." आणि पुढचं पान उलटलं.