सोमवारी सकाळपर्यंत चालू झाली पाहिजे!

बंद गाडीवर धूळ साचते म्हणतात. आमच्या स्कूटरवर धुळीपेक्षा किस्सेच जास्त साचलेत!

लेक लग्न होऊन गेली तेव्हापासून तिची स्कूटर पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. अशात मला अंबडला पाळणाघरात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं, आणि पंचवटीतून बसची वेळ जुळेना.

हे म्हणाले, "सोमवारी सकाळपर्यंत चालू झाली तर तुझी, नाहीतर भंगारवाल्याची."

मी म्हटलं, "माझीच!"

*

पहिली किक. गाडी ढिम्म!

"असं कसं? दर दसऱ्याला हार घालतो की हिला!" हे म्हणाले.

सासूबाई कळवणच्या. म्हणाल्या, "हार घातला, पन चारा? इतकी वरसं बांधलेली म्हैस तरी उठंल का एकदम?"

टाकी उघडली, तर पेट्रोलला व्हार्निशसारखा वास. सगळं काढलं, ताजं भरलं.

*

तळमजल्यावरचे देशपांडे काका धावत आले. "वहिनी, सरका! आधी स्कूटर आडवी करायची, मग किक. आमच्या वेळी एका झटक्यात चालू!"

आडवी तर झाली. आम्ही आधी गाडी उचलली, मग काकांना!

*

मग मी मोबाइलवर व्हिडिओ लावून प्लग काढायला बसले.

"तुला जमणार आहे का?" ह्यांनी विचारलं.

"घरात कुकरचा व्हॉल्व्ह कोण बदलतं?"

ह्यांनी पाना पुढे केला! प्लग काळाकुट्ट होता. पॉलिश पेपरने घासून लख्ख केला.

*

तरी नाहीच. एअर फिल्टर उघडला, तर आत उंदराचं मऊ मऊ घरटं... सासूबाईंच्या वातींचं! देवघरातल्या वाती जातात कुठे, म्हणून त्या कधीच्या माझ्यावर संशय घेत होत्या. मी घरटं त्यांच्यासमोर धरलं.

"मंग?" त्या म्हणाल्या, "कव्हर नीट घालाया नको व्हय तू?"

*

रविवारी संध्याकाळी गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. ह्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. मी तो कापला.

सोमवारी सकाळी साडी खोचली आणि किकवर किक. पाय भरून आला, तरी थांबले नाही. आणि अचानक, भुर्रर्र! पार्किंगभर धूर!

"थांब गं, नारळ फोडू दे!" सासूबाई ओरडल्या.

"आल्यावर!" म्हणत मी निघाले. प्रत्येक सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटर पिळत, कशीबशी वेळेत पोचले.

पाळणाघराच्या मॅडम गेटवरच उभ्या होत्या. "या, या! गाडी बंद करा आणि आत या."

मी म्हटलं, "मॅडम, तेवढं सोडून काहीही सांगा!"