प्रसादाला शुगर नसते

सौंसरजवळच्या बोरगावात नुसतं 'वामनराव' म्हणून विचाराल तर लोक चार घरं फिरवतील. 'रोडगेवाले वामनराव' म्हणा, मग कोणीही बोट दाखवेल. जामसांवलीच्या मारुतीचा नवस फेडायला लोक येतात, तिथं पंगत बसते ती रोडग्यांची, आणि त्या रोडग्यांना गेली तीस वर्षं हात वामनरावांचा. कणकेच्या पुऱ्या एकावर एक ठेवून गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा, नीट भाजला की काढून फडक्यात धरून फोडायचा, वर तूप आणि गूळ. सोबत वांग्याची भाजी. ऐकायला सोपं आहे. निखाऱ्यापुढं चार तास बसून पाहा एकदा, म्हणजे कळेल.

आणि आता वामनराव थकले होते, हे आधीच सांगून टाकतो. चोपन्न हे काही थकायचं वय नव्हे. पण शुगर नऊ वर्षांची जुनी, तळपायांची आग, दुपारी बसल्याजागी डुलकी, आणि वर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रोडगा कधी काढायचा ते रंगावर ठरतं, आणि इथं रंगच दिसेना. दिवाळीआधी एका पंगतीचे पंधरा रोडगे करपले. यजमानीण बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "महाराज, आता दुसऱ्या कोणाले बसवत जा निखाऱ्यापाशी." बाई वाईट नव्हती, खरं तेच बोलली. वामनरावांना ते फार लागलं.

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं रक्त तपासून घेतलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर साडेदहा. "आठाच्या आत आणा," तो म्हणाला, "त्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही." म्हणजे झालं! शुगर उतरली तर डोळा, आणि डोळा असला तर रोडगे. दुसरं काही काम वामनरावांना येत नव्हतं, आणि या वयात शिकवणार तरी कोण?

मग त्यांची पोरगी सुचिता, जी पांढुर्ण्याला दिलेली, तिनं बापाला ताब्यात घेतलं. मोबाईलवर यादी धाडली. पोळी बंद, भाकर बंद, भात, आलू, साखर, गूळ बिलकुल बंद. मेथी खा, पत्ताकोबी खा, दही, पनीर, अंडी, शेंगदाणे खा. फोनवर तिनं समजावलं, "बाबा, कणीक पोटात गेली का तिची साखरच होते. अन् ते साखर आवराले तुमचं इन्सुलिन आता पुरून नाही राहिलं."

"कणकीची साखर होते?" वामनराव म्हणाले. "मंग तीस वर्षं मी लोकायले साखरच चारून राहिलो का?"

"तसंच समजा," पोरगी म्हणाली. बापावरच गेली आहे.

त्यांची बायको कुसुम लगेच कामाला लागली. गव्हाचा डबा शेजारच्या जयवंताकडं नेऊन ठेवला, गूळ-साखर देऊन टाकली. घरात राहिलं काय, तर चहापत्ती. आणि चहासुद्धा फिका. वामनरावांनी पहिले पंधरा दिवस काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. भाजी वाटीभर खा की परातभर, भाकरीवाचून जेवण झालंय असं वाटतच नाही हो! ताटावरून उठायचे ते उपाशी. डोकं धरून बसायचे. जिभेला पाणी सुटायचं ते बाजूच्या घरातल्या तव्याच्या वासानं.

पण पाळलं. घरात एका घासानंही पथ्य मोडलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. मोडलं ते कुठं, ते आता ऐका.

जामसांवलीच्या पंगतीची रीत अशी, की पहिला रोडगा मारुतीचा आणि दुसरा महाराजांचा. महाराज म्हणजे आचारी. आचाऱ्यानं यजमानासमोर बसून रोडगा फोडून खाल्ल्याशिवाय पंगतीला पान मांडत नाहीत. नवस फेडणाऱ्याचं त्याच्याकडं लक्ष असतं. महाराज पोटभर जेवले म्हणजे नवस पोचला. आणि एका रोडग्यावर कोण सोडतं! यजमान हात जोडतो, त्याची आई तुपाची वाटी पालथी करते, "घ्या ना महाराज, पोराचा नवस आहे." दोन होतात, तीन होतात. एखाद्या मंगळवारी चार. निघताना गुळाचा खडा आणि रोडग्याचा चुरा कागदात बांधून मिळतो, तो वेगळाच.

वामनराव लबाड होते का? मुळीच नाही. त्यांनी कुसुमपासून हे लपवलं असंही नाही. त्यांच्या डोक्यात ते खाणं नव्हतंच. एकादशीला माणूस खिचडी खातो आणि म्हणतो, मला उपास आहे, तसंच हे. खाणं म्हणजे घरी ताटावर बसून खातो ते. देवाच्या दारचा तो प्रसाद. नाही म्हणायची सोय नाही, आणि प्रसादानं का कधी कोणाला शुगर होते? असं ते स्वतःशी एकदा बोललेसुद्धा, आणि त्यांना ते पटलं. मंगळवार-शनिवारच्या जोरावर बाकीचे दिवस निघत होते, एवढं मात्र त्यांना कळत होतं.

फेब्रुवारीत नागपूरला गेले. सरासरी शुगर नऊ पॉइंट आठ. डॉक्टरनं मान हलवली. पुढची तारीख तीन महिन्यांनी.

परतीच्या बसमध्ये कुसुम खिडकीकडं तोंड करून बसली होती. "एवढं करून बी नाही उतरत," ती म्हणाली. "आता काय करावं माणसानं?" तिच्या आवाजात इतका शीण होता, की वामनरावांना तिच्या हातावर हात ठेवावासा वाटला. बसमध्ये लोक होते, म्हणून राहून गेलं.

शुगरची गोळी सौंसरच्या डॉक्टरीण बाईंची होती; त्यांनी विचारलं, खाणं कसं आहे? कुसुमनं छातीवर हात ठेवून सांगितलं, "भाताचं शीत नाही खात, बाई." बाईंनी विश्वास ठेवला आणि गोळी वाढवली.

होळी झाली आणि त्या आठवड्यात जामसांवलीला कोणाची पंगत नव्हती. ना मंगळवारी, ना शनिवारी. पुढचा मंगळवारही कोरडाच गेला. गुरुवारी सकाळी वामनरावांनी मेथीची भाजी खाल्ली, गोळी घेतली आणि अंगणात गोवऱ्या रचायला गेले. कुसुम संत्र्याच्या तोडीला निघाली होती, डोक्याला फडकं बांधून दारात उभी. तेवढ्यात वामनरावांना दरदरून घाम फुटला. हात थरथरायला लागले. बोलायला गेले तर जीभ जड. ते तिथंच गोवऱ्यांवर बसले.

"अव बाप्पा! काय झालं तुमाले?"

तिनं ओढत त्यांना ओट्यावर आणलं. पोरीनं दिलेलं, त्या घडीची शुगर सांगणारं मशीन काढलं, बोटाला सुई टोचली. वामनरावांना सगळं लांबून ऐकू येत होतं, विहिरीत बसल्यासारखं. आणि त्यात त्यांना कुसुमचा आवाज ऐकू आला. ती हसत होती!

"अठ्ठेचाळीस! अवो, अठ्ठेचाळीस आली! दोनशेच्या खाली कधी पाह्यली नव्हती म्या! पावला मारुती!"

तिचं काय चुकलं, सांगा. नऊ वर्षं तिला एकच शिकवलं होतं, आकडा मोठा तो वाईट. लहान आकड्यानंही माणूस जातो, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. घाम आला तो उन्हाचा असेल म्हणून तिनं रोजचा कारल्याचा रस पेल्यात ओतला आणि दुसऱ्या हातानं आनंदाची बातमी द्यायला पोरीला फोन लावला.

सुचिता फोनमधून अशी ओरडली की ते वामनरावांनाही ऐकू आलं. "आई, रस फेक थो! साखर दे त्यायले! आत्ताच्या आत्ता, गोड काहीबी दे!"

गोड? घरात गोड होतं कुठं? कुसुम डबे उघडत सुटली. रिकामे डबे खणाखण पडत होते. मग तिनं खुंटीवरची त्यांची कामाची पिशवी खसकन ओढली, उलटी केली, आणि चिमट्यासोबत कागदाच्या चार पुड्या बाहेर पडल्या. गुळाचे खडे. रोडग्याचा चुरा, तुपानं कागद ओला झालेला.

मग पाण्यात गूळ कालवल्याचा आवाज आला. चमचा चमचा तिनं तोंडात घातला. दहा मिनिटांनी विहीर ओसरली, अंगण जागेवर आलं. कुसुम काही विचारत नव्हती, हे त्यांना सगळ्यात आधी जाणवलं.

विचारलं ते डॉक्टरीण बाईंनी, दुपारी, सौंसरच्या दवाखान्यात. "काका, घरात साखर नाही म्हणता, मग हा गूळ कुठला?"

"थो प्रसाद आहे बाई."

"आणि प्रसाद म्हणजे किती?"

वामनरावांनी सांगितलं. रोडगे तीन-चार, मंगळवारी आणि शनिवारी. तूप-गुळासकट. सांगताना पहिल्यांदा त्यांच्याच कानांना ते जेवण वाटलं.

बाई रागावल्या नाहीत, पण थकून खुर्चीत मागं टेकल्या. "अहो काका, दोन दिवसांचा प्रसाद तुमचा आकडा वर ठेवत होता. तो पाहून मी गोळी वाढवली. मग प्रसाद थांबला आणि गोळी तीच राहिली. तुम्ही धान्य सोडलं हे चांगलंच केलं, त्यानं फायदा होतो. पण पोटात काय जातं ते खरं कळलं, तरच मला गोळी किती द्यायची ते ठरवता येतं. गोळीला काय समजतं, प्रसाद कोणता आणि जेवण कोणतं!"

गोळी कमी केली. यापुढं रोज लिहून ठेवा म्हणाल्या, काय खाल्लं आणि मशीनचा आकडा किती. मग त्यांची नजर कुसुमकडं गेली. "काकू, तुम्ही या काट्यावर उभ्या राहा बरं."

काटा बेचाळीसवर थांबला. तिच्या दिवाळीआधीच्या दवाखान्याच्या कागदावर चोपन्न किलो होतं. बाईंनी हळू आवाजात काहीबाही विचारलं. पाळी? चार महिने नाही, वय झालं म्हणून सोडून दिलं. केस? मूठमूठ जातात. थंडी? होळी गेली तरी अंगावर चादर लागते.

"तुम्ही काय खाता?"

"यायचंच. हे जे खातात तेच. म्हंजे यायचं झाल्यावर उरते थे." कुसुम खाली पाहत म्हणाली. "मानूस समोर उपाशी बसला अन् आपण भाकर मोडाची, हे नाही जमत ना, बाई."

आणि तेवढ्यावर दिवसभर संत्र्याची तोडी! बाई म्हणाल्या, "पाळी वयानं जाऊ शकते, तपासून पाहू. पण अर्धपोटी राहून एवढी मेहनत केली तर शरीर आधी हेच सगळं बंद करतं. शुगर त्यांना आहे, तुम्हाला नाही. आजपासून भाकर खायची."

वामनराव बाकावर बसून ऐकत होते. बारा किलो. शेजारी, एका घरात, एका ओट्यावर बारा किलो बायको कमी झाली आणि त्यांना दिसलं नाही. डोळ्यांचं निमित्त होतंच, पण हाताला तर कळलं असतं! त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. घरी येईपर्यंत ती लाज उतरली नाही.

संध्याकाळी कुसुम जयवंताकडून ज्वारीचं पीठ घेऊन आली. चूल पेटवली. भाकर थापल्याचा आवाज आला, मग ती तव्यावर पडल्याचा. वास घरभर झाला. वामनरावांच्या पुढं तिनं भाजी, दही आणि उकडलेलं अंडं ठेवलं, आणि स्वतः समोर बसून भाकर मोडली.

"शनिवारी पंगत आहे," थोड्या वेळानं वामनराव म्हणाले. "सांगतो त्यायले, मी खात नाही."

"नवस नाही पोचणार म्हणतील."

"म्हणू दे. दुसरा आचारी पाहा म्हणाव."

कुसुमनं घास घेतला. चावत राहिली. राग होता की भूक, ते तिच्या चेहऱ्यावर वामनरावांना दिसत नव्हतं. डोळ्याची तारीख अजून लांबच होती.

"मले एकदा तरी सांगाचं होतं," ती म्हणाली. "मी बी भाकर खाल्ली असती ना मंग. आठवड्यातून दोन डाव."

वामनरावांचा घास तोंडातच राहिला. मग त्यांनी विचारलं, "भाकरी किती झाल्या?"

"एक."

"अजून टाक."

ती उठली आणि दुसऱ्या भाकरीचं पीठ मळायला लागली.